वाळवंटी उष्णतेत परसातल्या कोंबड्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे पश्चिम राजस्थानातील जोधपूर, फलोदी, बिकानेर, जैसलमेर आणि बाडमेर या थरच्या पट्ट्यात घरच्या परसात पाच-दहा कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. लष्कर, हवाई दल, रेल्वे किंवा बँकेच्या नोकरीनिमित्त या भागात आलेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी गावाकडे कोंबड्या पाळलेल्या असतात, त्यांना हे काम नवे नसते. मात्र कोकणातली किंवा देशावरची रीत इथे जशीच्या तशी चालत नाही, आणि अडचण बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे कोंबडी जगते का?

जगते. फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि चुरूनेही ५० अंशांचा टप्पा ओलांडलेला आहे. तरीही या प्रदेशातील ढाण्यांवर, म्हणजे शेतातल्या छोट्या वस्त्यांवर, गावठी कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या वावरत आल्या आहेत. हवामान खाते सांगते ते तापमान सावलीतले आणि मोकळ्या हवेतले असते. तुमच्या पत्र्याच्या खुराड्यातील तापमान त्याहून कितीतरी अधिक असू शकते, आणि कोंबडीचे मरण-जगणे त्या आतल्या तापमानावर ठरते.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सर्वाधिक मर नेहमी जूनच्या ऐन कहरात होते असे नाही. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये दोन-तीन दिवसांत पारा अचानक सात-आठ अंशांनी चढतो, तेव्हा शरीराला सवय नसलेले पक्षी आधी बळी पडतात. हळूहळू तापत गेलेला उन्हाळा कोंबडी पुष्कळ सोसते, त्यामुळे सावलीची सगळी तयारी होळीपूर्वीच संपवावी.

कोंबडीला उष्णतेचा एवढा त्रास का होतो?

कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारे मांसल पडदे) यांतून काही उष्णता बाहेर जाते, पंख अंगापासून दूर धरल्याने थोडी जाते, आणि बाकीचा सारा भार धापा टाकण्यावर पडतो. चोच उघडून वेगाने श्वास घेताना घशातील आणि श्वासमार्गातील ओलावा वाफ होऊन जातो व तेवढी उष्णता सोबत नेतो. हवा कोरडी असेल तर ही युक्ती उत्तम चालते, दमट असेल तर फसते. या एका कारणामुळे, मे महिन्यातील ४४ अंशांच्या कोरड्या दुपारपेक्षा जुलैअखेरची ३८ अंशांची दमट दुपार कोंबडीला जास्त जड जाऊ शकते. नवखे लोक लू वाहत असताना डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात आणि पहिला पाऊस पडला की निर्धास्त होतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हीच इथली सर्वांत महागडी गैरसमजूत आहे.

कोणती जात घ्यावी?

हलक्या बांध्याची, मोठ्या तुऱ्याची, अंगावर पिसे बेताची असलेली कोंबडी घ्यावी. मांसासाठी झपाट्याने वाढणारी पांढरी ब्रॉयलर जात परसात उन्हाळा काढेल अशी आशा धरू नये, कारण तिच्या जलद वाढीतून निर्माण होणारी उष्णताच तिला पेलवत नाही.

राजस्थानची स्वतःची मेवाडी ही नोंदणीकृत देशी जात आहे. ती अंडी थोडी देते, पण चपळ आणि काटक असते. उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठाने विकसित केलेली ‘प्रतापधन’ ही रंगीत कोंबडी खास परसासाठी असून ती वर्षाला साधारण १६० अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या ‘वनराजा’ आणि ‘ग्रामप्रिया’ याही मिळतात; त्यांपैकी वनराजा अंगाने भारी असल्याने, अंडी हवी असतील तर ग्रामप्रिया अधिक सोयीची. झाबुआचा कडकनाथ तग धरणारा आहे, मात्र त्याच्या नावाखाली काळसर संकर सर्रास विकले जातात, त्यामुळे खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावा.

मान उघडी असलेल्या कोंबड्या दिसायला ओबडधोबड वाटतात, म्हणून अनेक जण त्या नाकारतात. वास्तविक ज्या जनुकामुळे त्यांची मान उघडी राहते, त्यामुळे अंगावरील एकूण पिसेही २० ते ४० टक्क्यांनी कमी होतात आणि उष्णता बाहेर टाकणे सोपे जाते. रूप बाजूला ठेवता येत असेल तर या हवेसाठी त्यांच्याइतकी योग्य निवड क्वचितच सापडेल.

खुराडे कसे आणि कुठे बांधावे?

जागा आधी झाड पाहून ठरवावी. कडुनिंब किंवा खेजडी, म्हणजे आपली शमी, यांची सावली कोणत्याही छपरापेक्षा सरस असते. विलायती बाभळीखाली मात्र खुराडे बांधू नये. तिची सावली विरळ असते आणि गळलेले काटे पायात रुतून तळव्याला गाठी येतात.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळचे आणि संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त आखूड बाजूंवर पडते. लांब बाजूंना भिंत न बांधता कमरेइतका कट्टा आणि वर मजबूत जाळी लावावी. छप्पर मध्यभागी किमान आठ फूट उंच असावे. या भागातील झोपड्यांवर खींप आणि सणिया या झुडपांचे जाड छप्पर घालतात, तेच कोंबड्यांनाही उत्तम. पत्रा आधीच असेल तर वरून चुन्याचे दोन-तीन हात द्यावेत आणि त्यावर थोडी पोकळी सोडून गवताचा किंवा काड्यांचा थर पसरावा.

जोधपूरकडे वालुकाश्माच्या लांब पट्ट्या मुबलक मिळतात, म्हणून खुराडेही दगडी बांधावे असे सहज वाटते. दिवसा ते थंड भासते, पण दगड दुपारभर शोषलेली उष्णता रात्री आत सोडत राहतो. कोंबडीला रात्री अंग निवू देणे अत्यावश्यक असते. दिवस कितीही तापला तरी रात्र निवली तर ती दुसऱ्या दिवशी सावरते. बंद दगडी खोलीत दाटीने डाललेल्या कोंबड्यांची सकाळ अनेकदा धापा टाकीतच उजाडते. त्यामुळे चहूकडून जाळी असलेली, मोकळी, उंच जागा हीच उन्हाळ्यातील रात्रीची योग्य सोय. दर पक्ष्यामागे चार चौरस फूट जागा आणि दांड्यावर नऊ-दहा इंच अंतर ठेवावे, म्हणजे एकमेकींच्या अंगाची ऊब लागत नाही.

पाण्याची व्यवस्था कशी ठेवावी?

या विषयावर हात आखडता घेऊ नये. एरवी दिवसाला पाव लिटर पाणी पिणारी कोंबडी कडक उन्हाळ्यात अर्धा लिटर आणि त्याहूनही अधिक पिते, पण पाणी तापलेले असेल तर ती तहानलेली राहणे पसंत करते. गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीतून दुपारी येणारे पाणी हाताला चटका देते. ते थेट भांड्यात सोडू नये. मातीचे पसरट परळ घ्यावेत, ते सावलीत वाळूत निम्मे पुरावेत आणि सकाळी, अकराच्या सुमारास, दुपारी तीन वाजता व संध्याकाळी माठातील पाण्याने भरावेत. परळ किमान तीन ठिकाणी ठेवावेत, कारण दांडगी कोंबडी एकाच भांड्यावर ठाण मांडते आणि दुबळी तिच्या भीतीने पुढे येत नाही.

दुसरा प्रश्न पाण्याच्या चवीचा आहे. थरमधील भूजल अनेक गावांत खारे असते. लिटरमागे १,००० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार कोंबडी सहज सोसते. त्यापुढे विष्ठा पातळ होऊ लागते, आणि ३,००० च्या पुढचे पाणी कोंबड्यांना देण्यायोग्य राहत नाही. अंड्याचे कवच ठिसूळ होण्यामागेही पुष्कळदा खारे पाणी असते, आणि पाळणारा मात्र खाद्य बदलत बसतो. टांक्यात साठवलेले पावसाचे पाणी किंवा इंदिरा गांधी कालव्याचे पाणी मिळत असेल तर कोंबड्यांसाठी ते राखून ठेवावे. कूपनलिकेचेच पाणी वापरावे लागत असेल तर त्याची तपासणी करून घ्यावी.

पाण्यात मीठ-साखर किंवा ओआरएस रोज घालावे का?

रोज घालू नये. कडक लाटेच्या दिवसांत माणसांसाठीचे ओआरएस पाकिटावरील प्रमाणातच कालवून दुपारचे काही तास ठेवावे, शेजारी साधे पाणीही असावे, आणि तीन-चार दिवसांनंतर ते थांबवावे. पाणी मुळातच खारे असेल तर वरून आणखी क्षार घालणे अपायकारक ठरते.

उन्हाळ्यात खाणे काय आणि केव्हा द्यावे?

अन्न पचवताना शरीरात उष्णता निर्माण होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते. सकाळी नऊला भरपेट खाल्लेली कोंबडी दुपारी एक-दोनला, म्हणजे नेमकी ऐन उन्हात, आतूनही तापलेली असते. म्हणून दाणा पहाटे उजाडता-उजाडता द्यावा, नऊनंतर भांडी उचलून घ्यावीत आणि ऊन कलल्यावर पुन्हा ठेवावीत. दिवेलागणीपूर्वी पोटभर खाऊ द्यावे.

बाजरी इथले हक्काचे धान्य असून प्रथिनांच्या बाबतीत ती मक्यापेक्षा सरस आहे. ‘बाजरी उष्ण पडते’ ही समजूत आपल्याकडेही घरोघरी आहे, पण कोंबडीच्या बाबतीत तिला घाबरण्याचे कारण नाही. बाजरी प्रमाणात दिली तर चालते. केवळ धान्यावर अंडी मिळणार नाहीत, त्यासोबत अंड्यावरील कोंबड्यांचे तयार खाद्य किंवा पेंड हवी. पावसात भिजलेल्या बाजरीच्या कणसांवर अर्गट ही विषारी बुरशी येते आणि ओलसर शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन तयार होते. काळसर दाणे असलेले किंवा कुबट वासाचे खाद्य स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

हिरव्यासाठी शेवग्याचा पाला आणि परसात सावलीत वाढवलेला अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारे बारीक नेचे, उपयोगी पडतो. पावसाळ्यानंतर मिळणारा मतीरा, म्हणजे या वाळवंटातले कलिंगड, कोंबड्या सालीपर्यंत फस्त करतात. रेतीवर पसरणारी तुंब्याची फळे दिसायला तशीच असतात, पण ते कडू इंद्रावण आहे. ते परसात ठेवू नये.

मे-जूनमध्ये अंडी कमी आणि पातळ कवचाची का येतात?

कोंबडी कमी खाते हे पहिले कारण. दुसरे कारण थेट धापांशी निगडित आहे : वेगाने श्वास सोडताना शरीरातील कर्बवायू जास्त प्रमाणात बाहेर जातो, रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि कवचासाठी लागणारे कॅल्शियम रक्तातून हवे तसे मिळेनासे होते. कवच मुख्यतः रात्री तयार होते, म्हणून शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा खडबडीत चुरा संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवावा. तरीही मे आणि जूनमध्ये अंडी निम्म्यावर आली तर औषधांच्या मागे लागू नये. त्या दोन महिन्यांत कोंबडी धडधाकट राहिली हेच पुरेसे उत्पन्न समजावे. पाऊस ओसरला की अंडी परत सुरू होतात.

पंखा, कूलर किंवा फवारा लावावा का?

हवा ४२ अंशांच्या वर गेली की ती कोंबडीच्या अंगापेक्षा गरम असते, आणि अशा वेळी नुसता पंखा तिच्या अंगावर भट्टीचा झोत सोडतो. पंख्यासोबत ओलावा हवाच. पश्चिमेच्या जाळीवर वाळ्याचे किंवा पोत्याचे पडदे टांगून ते दर तासाला भिजवणे हा सर्वांत स्वस्त आणि कोरड्या हवेत खात्रीचा उपाय आहे. झाडाखालच्या एका कोपऱ्यातली वाळू सकाळी भिजवून ठेवली तर कोंबड्या तिथे खड्डे करून पोट टेकवून बसतात. हे दृश्य पाहून त्यांना माती खेळायची हौस आहे असे वाटते, पण ती त्यांची अंग थंड करण्याची रीत असते.

पाऊस सुरू होऊन हवा दमटली की पडदे भिजवणे आणि कूलर दोन्ही बंद करावे व साधा पंखा चालू ठेवावा. त्या दिवसांत ओलावा वाढवणे म्हणजे धापांचा उपयोगच काढून घेणे होय.

कोंबडी उन्हाने पडली तर काय करावे?

चोच उघडी, पंख लोंबते, तुरा फिकट आणि चाल डळमळीत दिसताच तिला उचलून सावलीत आणावे. बादलीत साधे थंड पाणी घेऊन पाय आणि पोटाचा खालचा भाग काही मिनिटे बुडवावा. डोके वर राहील याची काळजी घ्यावी. बर्फाचे पाणी वापरू नये. पाणी चोचीत ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. चोचीच्या कडेला बोटाने थेंब लावावेत, शुद्ध असेल तर ती स्वतः गिळते. सावरलेली कोंबडी त्या दिवशी इतरांत सोडू नये. दुपारी कोंबड्यांना पकडणे, हाकलणे किंवा लस टोचणे टाळावे, कारण पडलेल्या कोंबड्यांपैकी कित्येक अशा धावपळीमुळेच पडलेल्या असतात.

पिल्ले केव्हा आणावीत किंवा कोंबडी केव्हा बसवावी?

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा उत्तम काळ. त्या वेळी आणलेली पिल्ले उन्हाळ्यापर्यंत तलंगा होतात आणि पहिला कडक ऋतू पूर्ण वाढलेल्या अंगाने सोसतात. फेब्रुवारीतही चालते, पण ती पिल्ले मेमध्ये कोवळीच असतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते, म्हणून हिवाळ्यात बल्ब हवा.

एप्रिलनंतर खुडुक झालेली कोंबडी अंड्यांवर बसवू नये. अंडी उबवण्याचे योग्य तापमान ३७.५ अंशांच्या आसपास असते. बाहेर ४४ अंश असताना ती २१ दिवस एका जागी बसून राहिली तर अंडी जातात आणि कधी कोंबडीही जाते. याच कारणाने उन्हाळ्यात अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करावीत. घरात कोंबडा असेल तर फलित अंड्यात त्या उष्णतेने जीव वाढू लागतो आणि फोडल्यावर रक्ताच्या रेषा दिसतात.

आंधी येते तेव्हा काय करावे?

आकाश पिवळसर दिसू लागताच कोंबड्या आत घेऊन वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधावी. वादळ ओसरल्यावर पाणी बदलावे आणि डोळे पाणावलेले किंवा चिकटलेले दिसल्यास कोमट पाण्याने पुसावेत.

हिवाळ्यात काही वेगळे करावे लागते का?

थोडे करावे लागते. वाळवंटात दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत असते, आणि चुरू-बिकानेरकडे जानेवारीत पारा कधी शून्याजवळ जातो. उत्तरेच्या जाळीवर रात्री पोते सोडावे, पण वरची हवा खेळती ठेवावी.

कोणत्या रोगांची काळजी घ्यावी?

मानमोडी, म्हणजे राणीखेत, या रोगाची लस टाळू नये : पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आरटूबी. लस सुरुवातीपासून शेवटपर्यंत थंड राहिली पाहिजे, त्यामुळे ती बर्फाच्या थर्मासमधून पहाटे आणून लगेच द्यावी; दुचाकीच्या डिकीतून भर दुपारी आणलेली लस ही लस राहत नाही. देवीची लस पावसाळ्यापूर्वी द्यावी, कारण तो रोग डास पसरवतात.

कोरड्या प्रदेशाचा खास शत्रू म्हणजे कोंबड्यांवरील मऊ गोचीड. ती दिवसा लाकडाच्या फटीत, दगडाच्या सांध्यांत लपते आणि रात्री रक्त पिते, म्हणून दिवसा पक्षी तपासला तर काही सापडत नाही. तिच्यामुळे स्पायरोकीटोसिस हा तापाचा रोग होतो. तुरे फिके पडले आणि कोंबड्या रात्री खुराड्यात जायला कुरकुरू लागल्या तर रात्री बॅटरी घेऊन दांड्याची खालची बाजू पाहावी. फटी चुन्याने बुजवाव्यात आणि दांडे लोखंडी नळ्यांचे करावेत. औषध पशुवैद्यकाला विचारूनच फवारावे.

मेलेला पक्षी किंवा उंदीर परसात राहू देऊ नये. उष्णतेत त्यावर पडणाऱ्या अळ्यांत बोट्युलिझमचे विष साठते आणि कोंबड्या त्या आवडीने खातात. २०१९ मध्ये सांभर सरोवरावर हजारो स्थलांतरित पक्षी याच विषाने मेले होते. हिवाळ्यात कुरजां, म्हणजे स्थलांतरित करकोचे, येतात तेव्हा बर्ड फ्लूचाही विचार करावा. नोव्हेंबर २०२१ मध्ये जोधपूर जिल्ह्यातील कापरडा येथे कुरजांमध्ये तो आढळला होता. तळ्यावर चरायला कोंबड्या सोडू नयेत आणि दाणा उघड्यावर टाकू नये.

कोणत्या प्राण्यांपासून धोका असतो?

भटकी कुत्री आणि मुंगूस यांच्यापासून सर्वाधिक. त्यानंतर वाळवंटी मांजर, कोल्हा, अंड्यांसाठी घोरपड आणि पिल्लांसाठी शिकरा. जाळी जमिनीत फूटभर गाडावी, कारण वाळू उकरणे सोपे असते. सांडलेल्या दाण्याने उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. फुरसे या भागात सर्रास आढळते, तेव्हा अंधारात अंड्यांच्या खोक्यात हात घालू नये.

शेजारी शाकाहारी असतील तर?

मारवाडात ही शक्यता मोठी आहे आणि ती हलक्यात घेऊ नये. वसाहतीचा किंवा क्वार्टरचा नियम आधी लेखी विचारून घ्यावा, कोंबडा पाळू नये (अंड्यांसाठी त्याची गरज नसते), विष्ठा रोज गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकावी. प्राणिहत्या निषिद्ध मानणाऱ्या बिश्नोई समाजाच्या वस्तीजवळ राहत असाल तर पक्षी कापण्याचा विचारही परसात आणू नये.

मे महिन्यात गावी जायचे असेल तर कोंबड्यांचे काय करावे?

मराठी कुटुंबांचा हा प्रश्न दरवर्षी येतो, कारण मुलांची सुटी आणि थरचा कहर एकाच वेळी असतो. आपोआप पाणी देणारी भांडी भरून आठवडाभर निघून जाणे अजिबात चालणार नाही. नळी तापते, वीज जाते, भांडे कलंडते, आणि ४६ अंशांत पाण्यावाचून एक दुपारही पुरते. दिवसातून दोनदा स्वतः येऊन परळ भरणारा आणि पडदे भिजवणारा माणूस ठरवावा, निघण्यापूर्वी त्याच्याकडून दोन दिवस हे काम आपल्यासमोर करवून घ्यावे. असा माणूस मिळत नसेल तर कोंबड्या एप्रिलच्या आरंभीच, उन्हे चढण्याआधी, एखाद्या ओळखीच्या ढाणीवर नेऊन सोडाव्यात. तिथे त्यांना हवेची आणि नव्या कळपाची सवय व्हायला दोन-तीन आठवडे मिळतात. त्या ऑगस्टमध्ये नव्हे, तर दमट हवा सरल्यावर सप्टेंबरअखेर रात्रीच्या वेळी परत आणाव्यात.